तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडी म्युझिक स्टँड घरी कशाला?

वाजवताना समोर वही-पुस्तक ठेवायचा एक लाकडी स्टँड मी घरीच बनवला आहे. आमच्याकडे आलेला पाहुणा हमखास तो वर-खाली करून बघतो आणि मग विचारतो, "घडीचा लोखंडी बाजारात मिळतो की! हा खटाटोप कशाला केलात?" मी पैसे वाचवले असतील, असं काहींना वाटतं. अजिबात नाही. सागवान, नट-बोल्ट, पॉलिश सगळं धरलं तर बाजारातलाच स्वस्त पडतो. निव्वळ पैसे वाचवायला कुणी हे करायला घेणार असेल, तर घेऊच नये.

कारण वेगळं आहे. बाजारातला स्टँड उभं राहून किंवा खुर्चीवर बसून वाजवणाऱ्यांसाठी बनवलेला असतो. आमच्या घरात एक जण जमिनीवर बसून पेटी वाजवते आणि दुसरी उभी राहून व्हायोलिन. बायको गांधर्व मंडळाच्या संगीताच्या परीक्षा देते, मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते. लोखंडी स्टँड अगदी खाली आणला तरी मांडी घालून बसलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांसमोर येतो. पेटीच्या पट्ट्या बघायला मान खाली, वहीतले स्वर बघायला मान वर, असा नुसता व्यायाम होतो. आता मैफिलीत समोर वही ठेवली की जाणकारांच्या भुवया उंचावतात, ते मला माहीत आहे. पण शिकणाऱ्याला वही लागतेच.

पेटीचं गणित जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे. भाता वाजवणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उघडतो आणि डावा हात तिथे सतत हलत असतो. म्हणजे स्टँड पेटीला चिकटून ठेवता येत नाही, भात्याला आणि हाताला जागा सोडावी लागते. त्यामुळे पान डोळ्यांपासून दोन-अडीच फुटांवर जातं. संगीत शिकणारे वापरतात त्या भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब असतं. एवढ्या अंतरावरून टिंब आणि रेघ वेगळी दिसायची तर पान नजरेसमोर काटकोनात हवं. बसून वाजवताना उभ्या रेषेपासून साधारण वीस अंश मागे कललेलं पान चांगलं दिसतं. पुस्तक टेकतं ती खालची पट्टी जमिनीपासून 38 सेंटिमीटरवर ठेवली, म्हणजे पेटीच्या डोक्यावरून सगळं पान मोकळं दिसतं.

उभ्यानं व्हायोलिन वाजवायचं तर हीच पट्टी 100 ते 115 सेंटिमीटरवर लागते. इथेच खरी मेख आहे. एकात एक सरकणाऱ्या दोन भागांनी 38 पासून 115 पर्यंत जाताच येत नाही, कारण मिटल्यावर बुटका राहायचा असेल तर दोन्ही भाग बुटकेच असायला हवेत. तीन-चार भाग केले की प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई येते आणि वरचं सगळं डुगडुगतं. म्हणून मी खालचं खोकं एकच ठेवलं, 30 सेंटिमीटर उंचीचं, आणि त्यात घालायच्या काठ्या दोन केल्या: 50 सेंटिमीटरची बैठकीला, 112 ची उभ्याला. पुस्तकाची फळी काठीच्या टोकाला बसते आणि तिची खालची पट्टी टोकाच्या 12 सेंटिमीटर खाली येते. प्रत्येक काठी 15 सेंटिमीटर वर सरकते. त्याहून जास्त सरकवू नये. काठी 15 सेंटिमीटरच आत असताना खोक्यात एक मिलिमीटर जरी मोकळं राहिलं, तरी लांब काठीच्या टोकाला ते सहा मिलिमीटरच्या वर जातं. कुणाला खुर्चीवर बसायचं असेल तर 77 ची तिसरी काठी करावी, खोकं तेच.

"मग फट ठेवताच कशाला?" हा पुढचा प्रश्न. पावसाळ्यासाठी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रेषेच्या आडवं फुगतं. जानेवारीत घट्ट बसवलेली काठी जुलैत निघणारच नाही. मी मिलिमीटरभर फट ठेवली आणि खोक्याच्या तोंडाशी आतून पेटीवाले वापरतात तसल्या फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, पट्टी चिकटवली. उन्हाळ्यात ती ढिलाई खाते, पावसाळ्यात दबते. काठीला वर्षातून एकदा मेणबत्ती घासतो.

लाकूड जुनंच घ्या. पुण्यात पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. ते सागवान कित्येक पावसाळे बघून शांत झालेलं असतं. रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, पोटात मोडलेले खिळे असतात आणि पात्याची वाट लागते. सागवान तेलकट असतं, म्हणून फेविकॉल लावण्याआधी सांध्यावर थिनरचं फडकं फिरवा.

उंची धरायला आरपार भोकं आणि एक खुंटी, बस्स. पिळून घट्ट करायचे बोल्ट काठीत रुततात आणि मुलांच्या हातून पुरेसे आवळलेही जात नाहीत. भोक पाडताना मागे टाकाऊ फळी धरा, नाहीतर दुसऱ्या बाजूला चिरफळ्या उडतात. खुंटी दोऱ्यानं खोक्याला बांधून टाका. का, ते विचारू नका.

वरच्या फळीचा बोल्ट मध्यावर नको, खालच्या पट्टीपासून 12 सेंटिमीटरवर हवा, कारण पुस्तकाचं वजन तिथेच आसपास येतं. मध्यावर बसवला तर जाड पुस्तक ठेवताच फळी हळूहळू फिरते. दोन लाकडांच्या मधे सायकलच्या ट्यूबची चकती घातली की विंग नट (हातानं फिरवायचा पंखवाला नट) थोडासा आवळूनही भागतं. सलग फळीऐवजी मी पट्ट्यांची चौकट केली: वरचं हलकं राहतं, आणि छताच्या पंख्याचा वारा आरपार जातो. पानं उडू नयेत म्हणून खालच्या पट्टीवर दोन फिरत्या लाकडी जिभा आहेत. टॅब्लेट ठेवणार असाल तर पुढची कड दीड सेंटिमीटरपेक्षा उंच करू नका, शेवटची ओळ झाकली जाते.

पाय तीनच. फरशी कशीही असो, तीन पाय डुगडुगत नाहीत. दोन पाय बाजूंना आणि एक मागे जातो, त्यामुळे पुढे भात्याशी काही येत नाही. पण मग पुस्तकाचा भार काठीच्या पुढे येता कामा नये. म्हणून बैठकीत फळी वीस अंशांपेक्षा उभी करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

"आम्हाला एक करून द्याल का?" असंही विचारतात. करून देत नाही. मापं मात्र आनंदानं काढून देतो, पण त्यासाठी पेटी घेऊन यावं लागेल आणि रोज बसता ते आसनही. आसन जाड असेल तर सगळे आकडे दोन-तीन सेंटिमीटरनं बदलतात.