घरात खुरपं असताना तो जपानी सुरा कशाला?

नातेवाईक, खालच्या मजल्यावरच्या काकू, कुरियरवाला, सगळ्यांनी हे विचारून झालंय. दरवेळी मी "आवडला म्हणून घेतला" म्हणून सुटते. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदाच काय ते लिहिते.

खुरपं वाईट आहे असं मी कधी म्हटलेलंच नाही. उकिडवं बसून वाफ्यात खुरपणी करायची तर दुसरं काही हातात घेऊ नये. पण माझ्याकडे वाफे आहेत कुठे? गच्चीवर कुंड्या आणि ग्रो बॅगा. खुरपं स्वतःकडे ओढायला लागतं, कुंडीत तेवढी जागा नसते, खोडाला लागतं. हा जपानी सुरा, होरी-होरी म्हणतात त्याला, सरळ खाली जातो. पातं सहा-सात इंच, पन्हळीसारखं किंचित खोलगट, एका कडेला धार, दुसरीला करवतीसारखे दाते, वर सेंटिमीटरच्या खुणा. जपानमध्ये याने डोंगरातल्या रानभाज्या उकरतात, बोन्सायवालेही वापरतात. मला तो लव्हाळ्यासाठी लागतो. लव्हाळा वरून कितीही कापा, खाली गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात, एक राहिली की परत हजर. पातं बाजूने खोल घालून गाठीसकट उचकटावा लागतो. आणि मुळांनी गच्च झालेली जास्वंद बाहेर काढायची तर कुंडीच्या कडेने दातेरी बाजू फिरवायची, झालं.

आता सोसायटीचं, कारण खरा प्रश्न तिथला आहे हे मला कळतं.

खालच्या बागेतल्या कर्दळीचे कंद वेगळे करायचे होते म्हणून म्यान कमरेला लावून लिफ्टने उतरले. लिफ्टमध्ये एक बाई आणि तिचा मुलगा. संध्याकाळपर्यंत सीसीटीव्हीतला माझा फोटो ग्रुपवर, खाली "पुण्यात कोयता गँगच्या बातम्या येतायत आणि आपल्याकडे हे". मग मीटिंग. मला तो सुरा आणून टेबलावर ठेवायला सांगितला, चहाच्या कपांच्या मध्ये, आणि एकेकाने उचलून अंगठ्याने धार बघितली, मी समोर बसलेली असताना माझ्याशी एक शब्द न बोलता. मी शस्त्र नियमांचा प्रिंटआउट घेऊन गेले होते. पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असलं तर लायसन्सचा प्रश्न येतो, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. वाचून दाखवलं. एक काका म्हणाले, "ताई, कायद्याचं नाही हो, बाईमाणसाच्या कमरेला ते कसं दिसतं." दारात आमचे माळीकाका उभे होते, पगाराचं विचारायला आलेले, हातात चांगला दीड फुटी कोयता. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही. मीही त्या वेळी ते बोलून दाखवलं नाही, बोलले असते तर त्यांचाच कोयता बंद झाला असता.

तेव्हापासून सुरा बादलीत, वर फडकं. हरले का मी? माहीत नाही. त्या लिफ्टमधलं पोर घाबरलंच नसेल असंही म्हणवत नाही.

आणि हो, त्याच्या पैशात चार-पाच खुरपी आली असती. पूर्वीची मी याला सरळ शोबाजी म्हटली असती, आणि म्यान कमरेला लावताना थोडी ऐट वाटायचीच, खोटं कशाला बोलू. माझा कार्बन स्टीलचा आहे, पावसाळ्यात पुसून तेल नाही लावलं की दुसऱ्या दिवशी गंज. स्टेनलेसला ती कटकट कमी, पण कार्बनला धार पटकन लागते. घ्यायचाच असेल तर पोलादाची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत गेलीय ना ते बघा. पात्याचं नुसतं शेपूट मुठीत खुपसलेलं असेल तर दगडाला अडला की मुठीतून हलायला लागतो. मुठीपुढे आडवी पट्टी असेल तर बरं, ओल्या हाताने जोर देताना बोटं पात्यावर घसरत नाहीत.

नवरा म्हणतो, लोहाराकडून का नाही करून घेत? विचारलं मी. ट्रकच्या कमानपाट्याचा करून देतो म्हणाला, पण दाते काही पाडून देणार नाही. दात्यांशिवाय माझं भागेल की नाही यावर आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.