पहिल्याच अक्षरावरची दोन शिखरं

त्या चार वर्षांच्या मुलाच्या फाइलमध्ये एक गोष्ट जुळत नव्हती. आई थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली, वडील नॉर्मल, आणि मुलाचं हिमोग्लोबिन सातच्या वर टिकत नव्हतं. ताप आला की ते आणखी उतरायचं आणि रक्त चढवावं लागायचं. प्लीहा वाढून हाताला लागत होती. नुसत्या आईकडून एक बिघडलेली प्रत आलेलं मूल सहसा इतकं आजारी नसतं. हे बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं, एक प्रत आईची, एक वडिलांची. एक धड असली की माणूस आयुष्यभर फिकट राहतो, पण चालता-फिरता राहतो.

मी पुण्यात एका लॅबमध्ये जेनेटिक काउन्सेलर आहे. हे कुटुंब हडपसरचं. मुलाची आजी घरी ब्लाउज शिवते, वडील कंपनीत शिफ्टला जातात. आईनं कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, कारण रक्त कमी दिसलं की गोळ्या सुरू, हा आपल्याकडचा सरसकट शिरस्ता. तिच्या तांबड्या पेशी लहान होत्या त्या लोहाअभावी नव्हे, हे तिला बाळंतपणातही कुणी सांगितलं नाही. याचा मला दर वेळी राग येतो, कारण एचपीएलसीची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायची, एक तपासणी पुरते. तिचं एचबीए-टू, म्हणजे मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार, ५.४ टक्के होतं; साडेतीनच्या पुढे गेलं की आम्ही थांबून बघतो, चारच्या पुढे बहुतेक शंका उरत नाही.

वडिलांचं ३.३. पेशींचा आकारही जवळपास ठीक. आधीच्या एका लॅबनं त्यांची भारतात नेहमी सापडणाऱ्या पाच बदलांसाठी तपासणी केली होती, पाचही नव्हते. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून आलं आणि घरात त्याचा एकच अर्थ लागला : दोष सुनेचा. एका नातेवाइकानं तर मूल कुणाचं, इथपर्यंत बोलून दाखवलं होतं. हे तिनं मला नवरा बिल भरायला गेल्यावर सांगितलं. रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, “मॅडम, तुम्ही नीट बघा.”

म्हणून ठरावीक पाच जागा न बघता आम्ही तिघांचं अख्खं जनुक वाचायला लावलं, त्याच्या अलीकडच्या भागासकट. जनुक तसं छोटंच, साधारण १६०० अक्षरांचं. अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाचा एक रंग आणि प्रत्येक जागी एक शिखर उमटतं. ए हिरवं, सी निळं, जी काळं, टी लाल. दोन प्रतींत वेगवेगळी अक्षरं असली की एकाच जागी दोन बुटकी शिखरं एकमेकांत शिरलेली दिसतात. आईचा बदल लगेच सापडला, आपल्या देशात सगळ्यात जास्त आढळतो तोच. वडिलांच्या आलेखात मात्र प्रथिनाची अक्षरं जिथून सुरू होतात तिथपासून शेवटपर्यंत काहीच नव्हतं. आमची तंत्रज्ञ म्हणाली, “जरा मागे जाऊ या.” जनुकाची आरएनए प्रत निघायला जिथून सुरुवात होते त्या पहिल्याच अक्षरावर हिरवं आणि निळं, दोन्ही. ए-च्या जागी एका प्रतीत सी. उलट दिशेनं वाचलेला आलेख उघडला, तिथे अपेक्षेप्रमाणे लाल आणि काळं. मग मुलाचा. त्याच्यात आईचाही बदल होता आणि वडिलांचाही.

मला त्या क्षणी आनंदच झाला, आणि एका आजारी मुलाच्या रिपोर्टवर आनंद होणं विचित्र आहे याची जाणीवही होती. पण त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवशी तिघं आली, नवरा, बायको आणि आजी. मी कागद घेतला. जनुकातला मजकूर पेशी थेट वापरत नाही, आधी त्याची आरएनएमध्ये प्रत काढते. त्या प्रतीत दोन तुकडे नको असलेले असतात, एक १३० अक्षरांचा, दुसरा साडेआठशेच्या आसपास. ते कापून उरलेले तीन जोडले की प्रत तयार. मग रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतं आणि दर तिकडीला एक अमिनो आम्ल जोडत जातं. अशी १४६ जोडली की बीटा ग्लोबिनची साखळी पुरी होते. कुठल्या तिकडीला कुठलं अमिनो आम्ल, हे उलगडण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता, १९६८चं नोबेल त्यासाठीच. हे मी मुद्दाम सांगते. आपल्या मुलाच्या रिपोर्टमागे आपल्याकडच्या माणसाचंही काम आहे हे कळलं की लोक कागदाकडे जवळून बघायला लागतात.

सिकलसेलमध्ये एक तिकडी बदलते, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि प्रथिनच वेगळं तयार होतं. मशीनवर ते लगेच ओळखू येतं. या घरात तसं नव्हतं. आई-वडील दोघांच्याही जनुकात प्रथिनाची एकूण एक तिकडी बरोबर होती. आईचा बदल पहिल्या नको असलेल्या तुकड्याच्या पाचव्या अक्षरावर, कुठे कापायचं हे पेशी जिथून ओळखते त्या जागेत. तिथं जी-चं सी झालं की काप बहुतेक वेळा भलतीकडेच पडतो.

आजी इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, “म्हणजे कापड चांगलं, मापं पण चांगली, खडूची खूण तेवढी पुसली.”

मी म्हटलं, “अगदी तसंच, काकू.”

“आणि ह्याचं?” त्यांनी मुलाकडे बोट केलं.

वडिलांच्या बदलामुळे प्रत चुकत नाही, कमी निघते. फार कमी नाही, म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या रक्तात काही दिसत नव्हतं. पण मुलाला एका बाजूनं जवळजवळ काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूनं तुटपुंजं. बीटा साखळ्या कमी पडल्या की हिमोग्लोबिनमधल्या दुसऱ्या, जोडीदाराविना राहिलेल्या अल्फा साखळ्या गोळा होऊन अस्थिमज्जेतच पेशी मारतात. वडिलांकडून थोडं तरी येत असल्यामुळे त्याचा आजार मधल्या तीव्रतेचा, इंटरमीडिया. दर महिन्याला रक्त न लागणाऱ्यांपैकी तो असू शकतो, म्हणून पुढचं सगळं रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवायचं, असं सांगितलं.

मग मी ते वाक्य सावकाश, आजींकडे बघत म्हणाले : “हा बदल बाळाला त्याच्या बाबांकडूनच आला आहे. दोघांकडून एकेक आल्याशिवाय हा आजार असा होत नाही.” नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती कागदाकडेच बघत होती. आजी थोड्या वेळानं म्हणाल्या, “मग माझ्या लेकीचं काय? तिचं लग्न ठरलंय.”

हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला, मला सुचवावा लागला नाही. त्यांचं आणि लेकीचं रक्त त्याच आठवड्यात घेतलं. आजींकडे बदल नव्हता, म्हणजे तो बहुधा वारलेल्या आजोबांकडून आलेला. लेकीकडे होता. तिनं होणाऱ्या नवऱ्याला स्वतः फोन करून सांगितलं, त्यानं आढेवेढे न घेता रक्त दिलं, आणि त्याचंही अख्खं जनुक वाचून घेतलं. ते स्वच्छ निघालं.

सुनेला दुसरं मूल हवं आहे. दर गरोदरपणात चारात एक शक्यता राहणार, पण आता दोन्ही बदल माहीत असल्यामुळे अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन सांगता येईल. दिवस राहिले की आधी मला फोन करायचा, असं तिनं नवऱ्याच्या मोबाइलमध्येही लिहून ठेवलं आहे.