मासे पायाशीच होते

गाडीरस्ता संपतो तिथून पुढे तासभर पायपीट, पाठीवर तंबू, हातात बारा फुटी रॉड आणि वर दोघांचं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी, त्यामुळे किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि खांदे बोलायला लागले होते. पण जागा अशी की चिटपाखरू नाही, मोबाईलला रेंज नाही, नुसती वाळू आणि लाटा. सोबत माझा मेव्हणा. त्याने व्हिडिओ बघून बघून मासेमारीत पीएचडी केलेली आहे, त्यामुळे कॅप्टन तोच.

तंबू कुठे लावायचा यावर आम्ही फार डोकं चालवलं नाही (हे लक्षात ठेवा, पुढे येणारे). दुपारच्या भरतीने ओली केलेली वाळू जिथे संपत होती त्याच्या दहाबारा पावलं वर लावला. नेहमीच्या खुंट्या कोरड्या वाळूत धरतच नाहीत, ओढलं की लोण्यातून आल्यासारख्या हातात, मग पिशव्यांत वाळू भरली, त्यांना तंबूच्या दोऱ्या बांधल्या आणि पिशव्या दीड फूट खोल पुरल्या. हे मात्र झकास बसलं.

मग मासेमारी. कॅप्टनचं म्हणणं, "दाजी, मोठा मासा लाटांच्या पलीकडे असतो, जेवढं लांब तेवढं चांगलं." रीळवर 15 पाउंडांचा ताण सोसणारी नायलॉन लाइन म्हणजे गळाची दोरी, टोकाला 4 औंसाचं म्हणजे साधारण 113 ग्रॅमचं शिसं. मी जीव खाऊन रॉड फिरवला, फट्ट आवाज आला आणि शिसं एकटंच समुद्राकडे निघून गेलं. तेच उलट्या दिशेला सुटून कोणाच्या डोक्यात बसलं असतं तर विचार नको. फेकताना जो झटका बसतो तो झेलायला पुढे जाड लाइनचा तुकडा बांधतात, शॉक लीडर, आणि ढोबळ हिशोब असा की शिशाच्या दर औंसाला 10 पाउंड, म्हणजे आम्हाला 40 चा लागत होता. होता की बॅगेत! गाठ मारायचा कंटाळा, दुसरं काही नाही. तो बांधला आणि मग दोन तास लांब लांब फेकत बसलो. मिळालं काय तर शेवाळ, आणि खेकड्यांनी साफ केलेले गळ.

साडेसहाला ओहोटी जवळजवळ पूर्ण झाली आणि मी रॉड ठेवून नुसताच फिरायला निघालो, तेव्हा सगळं उघडं पडलेलं दिसलं. साठसत्तर पावलांवर वाळूचा लांबट उंचवटा, लाटा त्याच्यावर फुटून पांढऱ्या होत होत्या, आणि त्याच्या अलीकडे, किनाऱ्याला समांतर, गडद पाण्याचा शांत चर. एका ठिकाणी उंचवटा तुटलेला, तिथून चरातलं पाणी परत समुद्रात ओढलं जात होतं (पोहायला तीच जागा सगळ्यात वाईट, पाय उचलून नेते). म्हणजे भरतीला मासे त्या खिंडीतून आत येणार आणि चरातून किनाऱ्याकिनाऱ्याने चरत फिरणार, कारण लाटांनी उकरलेले किडे, शिंपले, छोटे खेकडे सगळे तिथेच वाहत येतात. आणि आम्ही दोन तास त्यांच्या डोक्यावरून पलीकडे फेकत होतो! मी खिंडीसमोर वाळूत एक काठी रोवून ठेवली, कारण पाणी चढलं की हे सगळं गायब होतं, अंधारात तर काही कळतच नाही.

नऊच्या सुमारास काठीसमोर बसलो. फेकायचं किती, तर वीस पावलं. हेडलाइटचा झोत पाण्यावर टाकायचा नाही, मासे बिचकतात. रॉड पाइपात उभा, शेंड्याला घंटी. पहिला मासा मी जवळपास घालवलाच, कारण घंटी वाजलीच नाही, लाइन अचानक ढिली पडली आणि मी म्हटलं लाटेने शिसं हललं असेल. मेव्हणा ओरडला, "दाजी गुंडाळा गुंडाळा, आपल्याकडे येतोय तो!" खरंच होतं, मासा गळ घेऊन किनाऱ्याच्या दिशेने पळाला की लाइन ताणत नाही, सैल होते. मग अर्ध्याअर्ध्या तासाने एकेक येत राहिले, लहान होते ते ओल्या हाताने धरून सोडून दिले.

एकच्या सुमाराला मेव्हण्याला शिंगाळा लागला. याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे विषारी काटे असतात आणि हे व्हिडिओत बघितलेलं असूनही पठ्ठ्याने मुठीत धरला. बोंब अशी ठोकली की विचारू नका. स्टोव्हवर पाणी तापवलं, हाताला सोसेल एवढंच गरम, 45 अंशांच्या वर नको, आणि त्यात हात बुडवून बसवलं कारण त्या विषाची कळ गरम पाण्याने कमी होते. पाणी निवतंय का ते माझ्या बोटाने बघत होतो तेवढ्यात मागे चप्पल तरंगताना दिसली. चप्पल तंबूच्या दारातली.

अमावस्येनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे उधाणाची भरती, आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्याच उंचीच्या असतात असं कोणी सांगितलंय? वर कोरड्या शेवाळाची आणि काटक्यांची एक जुनी रेघ होती, म्हणजे पाणी तिथवर येऊन गेल्याची खूण, ती आम्ही दोघांनी ओलांडली होती आणि बघितली नव्हती. आता त्या पुरलेल्या पिशव्या उकरतोय तर त्या इतक्या झकास बसलेल्या की निघेनात, शेवटी दोऱ्या कापल्या आणि तंबू स्लीपिंग बॅगांसकट ओढत वर नेला, एकट्याने, कारण कॅप्टनचा हात पातेल्यात.

आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजली.

"दाजी," तो म्हणाला, "तुमचा रॉड."