घर आपलं, जमीन दुसऱ्याची: फ्लोरिडातली नऊ दिवसांची शोधाशोध

न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं आमचं घर विकायचं हे २०२४च्या दिवाळीतच ठरलं होतं. दोन्ही मुली पश्चिमेला, माझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या गुडघ्यांना जिना नकोसा झालेला, आणि न्यू जर्सीचा मालमत्ता कर देशात सर्वात जास्त. निवृत्तीनंतर दर तिमाहीला तो भरायचा म्हणजे साठवलेल्याचा लचका तुटायचा. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, बर्फ नाही, आणि टँपाला माझी शाळेतली मैत्रीण मेधा पंचवीस वर्षं राहतेय. तिनंच सुचवलं, "बंगल्याच्या मागे लागण्याआधी पंचावन्नच्या पुढच्यांसाठी मोबाईल होमचे पार्क असतात ना, ते एकदा बघून जा." म्हणून २०२५च्या फेब्रुवारीत नऊ दिवस काढून अकरा पार्क पाहिले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा चार दिवस गेलो. आपल्यातली बरीच मंडळी आता याच वयाला आली आहेत, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहिते.

बोलताना सगळे मोबाईल होमच म्हणतात, पण १५ जून १९७६ नंतर केंद्र सरकारच्या नियमांनुसार कारखान्यात बांधलेलं घर म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड होम. ते एक किंवा दोन तुकड्यांत ट्रकवरून येतं आणि जागेवर जोडलं जातं. दोन तुकड्यांचं ते डबलवाइड. आत शिरलं की दोन-तीन बेडरूम, दोन बाथरूम, धुण्याचं मशीन. बाहेर कारपोर्ट आणि जाळी लावलेला व्हरांडा, त्याला तिकडे लनाय म्हणतात. त्या तारखेच्या आधीची घरं अजून विकायला असतात, स्वस्त असतात. आम्ही ती यादीतूनच काढली.

जाताना ॲमट्रॅक रेल्वेच्या ऑटो ट्रेननं गेलो, ती माणसांबरोबर त्यांच्या मोटारीही नेते. व्हर्जिनियातल्या लॉर्टनला दुपारीच मोटार ताब्यात द्यायची, संध्याकाळी पाचला निघायचं, सकाळी फ्लोरिडातल्या सॅनफर्डला आपलीच मोटार परत घ्यायची. डबा, थर्मास, अंथरूण-पांघरूण सगळं बरोबर नेता आलं आणि तिथे भाड्याच्या गाडीचा खर्च वाचला. मुक्काम लेकलंडला ठेवला. टँपा आणि ऑर्लँडो दोन्हीकडे जायला बरं, आणि तिथल्या पोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, असे पार्क पुष्कळ. झेफरहिल्स, प्लांट सिटी, विंटर हेवन तिथूनच केलं.

पहिल्या दोन दिवसांत मला सगळेच पार्क आवडले. फेब्रुवारीतलं ऊन कोवळं, प्लांट सिटीच्या रस्त्याकडेला ताज्या स्ट्रॉबेऱ्या, पोहण्याच्या तलावावर सत्तरीच्या बायका व्यायाम करतायत, लोक गोल्फ कार्टमधून हात हलवतायत. तिसऱ्या दिवशी एका पार्कच्या ऑफिसात बसलो आणि भान आलं.

घर होतं एका आजींचं, अठ्ठ्याऐंशी हजार डॉलरला. स्वच्छ, डबलवाइड, मागे छोटंसं तळं. आजी जागेचं भाडं, म्हणजे लॉट रेंट, महिना ५९० भरत होत्या. विक्री करणारी बाई म्हणाली, चालू कराराची मुदत संपली की तुमच्यासाठी नवा दर, ८१५. त्यावर दरवर्षी वाढ. किती, असं विचारलं तर "फार नसते."

माझं बालपण गिरगावात पागडीच्या खोलीत गेलंय. मालक बदलला की वडिलांच्या कपाळावर जी आठी पडायची ती मला त्या ऑफिसात आठवली. इथे प्रकार उलटा आहे आणि जास्त अवघड आहे: घर तुमच्या मालकीचं, जमीन पार्कवाल्याची. आणि घराला "मोबाईल" म्हणत असले तरी ते एकदा बसवलं, व्हरांडा जोडला, की उचलून दुसरीकडे नेण्याचा खर्च घराच्या किमतीच्या अंगावर येतो. भाडं वाढलं तर निघून जाता येत नाही. म्हणजे आपण घर निवडतोय असं वाटतं, पण खरं तर जमीनमालक निवडत असतो.

म्हणून ऑफिसात गेल्यावर पहिलं मागायचं ते प्रॉस्पेक्टस. फ्लोरिडाच्या कायद्यातलं ७२३ क्रमांकाचं प्रकरण दहा किंवा जास्त जागा असलेल्या भाड्याच्या पार्कना लागू होतं, आणि सव्वीस किंवा जास्त जागा असतील तर करार करण्याआधी हे पुस्तक देणं मालकाला बंधनकारक आहे. भाडं कशाच्या आधारावर वाढणार, पाणी, कचरा, मालकाचा मालमत्ता कर यांतलं काय आपल्या माथी येणार, ते सगळं त्यात असतं. वाढीची नोटीस नव्वद दिवस आधी द्यावी लागते. आणि एक कलम मन घट्ट करून वाचा: मालकानं जमिनीचा वापरच बदलायचा ठरवला तर किमान सहा महिन्यांच्या नोटिशीवर घर हलवायला सांगता येतं. हमरस्त्याला लागून, आजूबाजूला नवी दुकानं उभी राहत असलेला पार्क असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. आम्हाला त्या आजींच्या घराचं प्रॉस्पेक्टस "उद्या ईमेल करते" म्हणून सांगितलं, आणि तोवर घर धरून ठेवायला पाचशे डॉलर घेतले. पुस्तक आलं नाही. पैसे परत मिळायला सहा आठवडे आणि चौदा फोन लागले. कागद हातात येईपर्यंत कुठेही एक डॉलर देऊ नका.

दुसरा प्रकार आपल्या लोकांना चटकन कळेल. काही पार्क रहिवाशांनी मिळून विकत घेतलेले असतात. तिथे घराबरोबर एक शेअर घ्यायचा आणि दरमहा मेंटेनन्स भरायचा. ही सरळसरळ आपली सहकारी गृहनिर्माण संस्था: शेअर सर्टिफिकेट, निवडून आलेलं मंडळ, वार्षिक सभा, आणि पार्किंगवरून भांडणं. शेअरचे पैसे जास्त जातात, पण भाडं वाढवणारा मालक नसतो. तिथे आर्थिक पत्रक आणि राखीव निधी मागून घ्या. गटारं आणि पाण्याच्या वाहिन्या चाळीस-पन्नास वर्षांच्या झालेल्या असतात. त्या बदलायला निघाल्या की पैसा सभासदांच्याच खिशातून जाणार. तिसरा प्रकार म्हणजे प्लॉटसकट घर, तो थोडा आणि महाग. आपण तिथे कायमचे राहणार असू तर मालमत्ता करातली होमस्टेड सवलत लागू पडते. जागा भाड्याची असेल तर घराची नोंद वाहनासारखी असते: डबलवाइडची दोन टायटल, म्हणजे मालकीचे कागद, आणि दरवर्षी डिसेंबरअखेर नवा करायचा डेकल, म्हणजे नोंदणीचा स्टिकर. विकणाऱ्याकडे दोन्ही टायटल आहेत ना, ते बघा. कर्जही घरकर्जाच्या दरानं मिळत नाही, महाग पडतं.

आता घराबद्दल. प्रत्येक तुकड्याच्या बाहेरच्या भिंतीवर, मागच्या टोकाला, पत्त्याच्या पानाएवढी लाल धातूची पट्टी असते, ती हवीच. आत स्वयंपाकघराच्या कपाटात, बेडरूमच्या कपाटात किंवा विजेच्या पॅनेलजवळ डेटा प्लेट नावाचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर विंड झोन लिहिलेला असतो. १९९२ च्या अँड्र्यू वादळात या घरांची दाणादाण उडाली, त्यानंतर जुलै १९९४ पासून नियम कडक झाले. म्हणून आम्ही १९९५ च्या अलीकडचंच घर बघायचं ठरवलं. झोन दोन म्हणजे ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यासाठी, झोन तीन एकशे दहासाठी.

झेफरहिल्सजवळ एका घरात नवा ग्रॅनाइटचा ओटा, नव्या फरश्या, सगळं चकचकीत. शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा स्वतःहून येऊन म्हणाले, "वर काय बघता, खाली बघा," आणि त्यांनी घराखालची पोकळी झाकणाऱ्या स्कर्टिंगचं एक पॅनेल काढून दिलं. अविनाशला वाकता येत नाही, म्हणून मीच पुठ्ठ्यावर पालथी पडून टॉर्च मारला. घराच्या पोटाला काळं प्लास्टिक ताणून लावलेलं असतं, ते हातभर फाटलेलं होतं. त्यातून इन्सुलेशनचा गुलाबी कापूस ओला होऊन लोंबत होता, भिजलेल्या गादीसारखा वास. घर जमिनीला बांधून ठेवणारे पोलादी पट्टे असतात, त्यातल्या एकाला बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. दुसरा सैल, नुसताच लटकत होता. वादळात घर जाग्यावर ठेवतात ते हेच पट्टे. तो ओटा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. शेवटी घर पक्कं करताना खाली सरपटत जाऊन फोटो काढणारा तपासनीस पैसे देऊन बोलवा. १९९५ च्या आधीच्या घरात राखाडी रंगाचे पॉलिब्युटिलीन पाइप आहेत का तेही विचारा. ते अचानक फुटतात.

वादळाची गोष्ट टाळता येत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन चक्रीवादळ पश्चिमेकडे सिएस्टा की या बेटावर किनाऱ्याला लागलं. त्याच दिवशी, वादळ पोचायच्या कितीतरी आधी, राज्याच्या दुसऱ्या टोकाला फोर्ट पिअर्सजवळ अशाच ज्येष्ठांच्या वसाहतीत चक्रीवात शिरला आणि सहा जणं गेली. हे वाचूनच आम्ही निघालो होतो, आणि आम्हाला भेटलेल्या प्रत्येकाला त्याबद्दल विचारलं. लेकलंडच्या एक बाई म्हणाल्या, कारपोर्ट उडून समोरच्यांच्या छपरावर पडला, घराला ओरखडासुद्धा नाही. हे बऱ्याच जणांकडून ऐकलं: मूळ घर टिकतं, नंतर जोडलेलं आधी जातं. निघण्याचा हुकूम आला की काउंट्या सहसा सगळ्या मोबाईल होमना बाहेर काढतात, पुराच्या कुठल्याही झोनमध्ये असा. तेव्हा घर घेण्याआधी ठरवा की जायचं कुठे. आमची सोय मेधाच्या सिमेंटच्या घरात आहे. तशी सोय नसती तर मी अविनाशला हो म्हटलं नसतं.

किनारा सोडून आत बघण्याचं कारण हेच. पण आतही जमीन तपासा. मध्य फ्लोरिडाच्या पोटात चुनखडी आहे. जानेवारी २०१० मध्ये गोठवणारी थंडी पडली, स्ट्रॉबेरी वाचवायला शेतकऱ्यांनी रात्रंदिवस जमिनीतलं पाणी उपसून पिकावर फवारलं आणि प्लांट सिटीच्या आसपास जमीन शंभरावर ठिकाणी खचली. पार्कमध्ये असं काही झालंय का, हे शेजाऱ्यांना विचारा; ते ऑफिसपेक्षा मोकळं सांगतात.

विम्याचा आकडा घराच्या आकड्याआधी काढा. घर जुनं म्हटलं की खासगी कंपन्या मागे सरतात आणि मग राज्याची सिटिझन्स ही विमा कंपनी उरते. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि केंद्राच्या योजनेत तो साधारण तीस दिवसांनी लागू होतो. वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावून उपयोग नाही. ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, मेडिकेअरचा, खासगी कंपनीकडचा ॲडव्हांटेज प्लॅन असेल तर तो त्याच भागापुरता असतो, राज्य बदललं की नवा घ्यावा लागतो. मूळ मेडिकेअर अमेरिकेत कुठेही चालतं.

नियमांचं पुस्तक तर शब्दन् शब्द वाचा. पंचावन्नचा नियम म्हणजे किमान ऐंशी टक्के घरांत किमान एक जण पंचावन्न किंवा पुढचा. पण पाहुण्यांचे नियम प्रत्येक पार्कचे वेगळे. एका ठिकाणी वर्षाकाठी पाहुणे पंधरा दिवस, एका ठिकाणी तीस. नातवंडं उन्हाळ्यात महिनाभर येतील हीच तर आमची आशा, म्हणून पंधरावाले तीन पार्क तिथल्या तिथे सोडले. मी कुंडीतल्या तुळशीबद्दल आणि दारातल्या रांगोळीबद्दलही विचारलं. पाच ठिकाणी हसून "खुशाल" म्हणाले.

आपली माणसं मिळतील का, ही माझी मोठी काळजी होती. टँपाच्या हिंदू टेंपल ऑफ फ्लोरिडाचं गोपुरम बघूनच जीव शांत झाला, आणि मेधाच्या घरी सतरा मराठी माणसांबरोबर मिसळ खाल्ली. टॅव्हेअर्सला भारतीय ज्येष्ठांची शांतिनिकेतन वसाहत आहे, कॉन्डोंची; एक दुपार तिथेही काढली. आयतं शाकाहारी जेवण हवं असेल त्यांनी जरूर बघावी. आम्हाला अजून स्वतःच्या ओट्याशी उभं राहायचंय.

दोन पार्क उरले, आणि ते बघायला मुद्दाम ऑगस्टमध्ये गेलो. फेब्रुवारीत भरलेला हॉल आता अर्धा रिकामा, कॅनडा आणि मिशिगनची मंडळी गावी गेलेली. दमट हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी. पण जे उरतात तेच आपले बारमाही शेजारी, आणि त्यातल्या सहा जणांशी व्हरांड्यात बसून नीट बोलता आलं. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ फुटलं. चाळीस मिनिटं धो धो पडला. आम्ही छत्र्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. भाड्याच्या पार्कमध्ये पाणी दोन घरांच्या स्कर्टिंगला लागून संध्याकाळपर्यंत साचून होतं. दुसऱ्या दिवशी तसाच पाऊस रहिवाशांच्या मालकीच्या पार्कमध्ये पडला आणि अर्ध्या तासात नाल्यातून तळ्यात उतरला. अविनाशनं दोन्हीकडचे फोटो घड्याळासकट काढले.

शेअरचा अर्ज आम्ही तिथेच भरला. सप्टेंबरमध्ये मंडळानं व्हिडिओवर मुलाखत घेतली, वीस मिनिटं. शेवटी सचिव बाईंनी विचारलं, तुमचं काही? मी म्हटलं, राखीव निधीचं पत्रक आलं, पण सांडपाण्याच्या वाहिन्या शेवटच्या कधी बदलल्या? त्यांनी फाइल उघडून वर्ष सांगितलं आणि म्हणाल्या, "पुढच्या सभेला हाच प्रश्न विचारायला या."