आरसा क्र. 2 : पहिले पाढे पंचावन्न

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, दुर्बिणीच्या आरशाचं घासकाम संपलं, आता फक्त सेरियम (पॉलिशची पूड) उरलंय म्हणून. शब्द मागे घेतो. 6 इंची एफ/8 (फोकसचं अंतर व्यासाच्या आठपट) आरसा परत 220 ग्रिटच्या घासपुडीवर आलाय; ग्रिटचा आकडा जितका लहान, तितका दाणा जाड.

पिच लॅपवर (डांबरासारख्या पिचचा थर दिलेली पॉलिशची चकती) तीन तास सेरियम चालवलं. मधला भाग झकास उजळला. कडेला मात्र बोटभर रुंदीचा करडा पट्टा, जाता जाईना. वाटलं, लॅप कडेला टेकत नसेल. गरम पाण्यात बुडवून परत दाबून बसवला, आणखी दोन तास घालवले. पट्टा ढिम्म. शेवटी दुर्बिणीचा 25 मिमीचा आयपीस उलटा धरून भिंगासारखा लावला, मागून टॉर्च मारला. बारीक रव्यात मधूनच काळे, फुटक्या काठांचे खड्डे. हे 80 ग्रिटचे! म्हणजे 120 ग्रिटपासून 5 मायक्रॉनच्या बारीक पुडीपर्यंतची सगळी वरात त्यांच्या डोक्यावरून गेली.

तुम्हाला माहीतच आहे, सुटा दाणा काच ओरबाडत नाही, तो दोन पृष्ठभागांमध्ये गडगडत टवके उडवतो. प्रत्येक ग्रेडचा खडबडीतपणा ठरलेला. तिथे पोचल्यावर नवेनवे वेट (पाणी आणि ग्रिटचा एकेक हप्ता) टाकत तासभर घासलं तरी पृष्ठभाग तेवढाच खरखरीत राहतो, काच तेवढी कमी होते. पण हे सगळं काच टूलला (आरसा ज्या चकतीवर घासतो तिला) टेकते तिथे. टेकत नाही तिथे जुने खळगे जसेच्या तसे, आणि त्यांच्या बुडाशी बारीक तडे. सेरियम ते कुठवर भरून काढणार?

मग आधी दिसलं कसं नाही? 5 मायक्रॉननंतर आरसा डोळ्याच्या पातळीत तिरका धरून ट्यूबलाइट पाहिली होती. छान तांबूस दिसली, कारण लाल प्रकाश कमी विखुरतो. ते मध्यावर पाहिलं आणि नाचलो. प्रतिबिंब कडेपर्यंत सरकवलं असतं, तर तिथे ते विझलेलं दिसलं असतं. आळस, दुसरं काय.

आई गॅलरीत लसूण सोलत होती. कडेवर बोट फिरवून म्हणाली, "पाट्याचंही असंच होतं. मधे गुळगुळीत, कडेला टाकीच्या खुणा तशाच. वरवंटा कडेपर्यंत नेतो कोण?" एवढे दिवस फोरमवर वाचलेलं तिने दोन वाक्यांत सांगितलं. पहिल्यापासून आरसा वर ठेवून लांब स्ट्रोक मारले, म्हणजे मधेच खणत बसलो.

तर आता टूल वर, आरसा खाली, स्ट्रोक आखूड. काल मार्करने आरसाभर रेघा मारल्या आणि 220चा एक वेट चालवला. मधली शाई पुसली गेली, कडेची ठसठशीत. चौथ्या वेटनंतर कडेच्या रेघा तुटक झाल्या. सात मिनिटांत त्या फिकट होताना बघणं, हा या महिन्यातला सगळ्यात मोठा आनंद. आरशाची मधली खोली 1.2 मिमीवरून जरा कमी होईल, फोकस लांबेल. एफ/8.3 झाला म्हणून शनी रुसत नाही.

220बद्दल एक तक्रार. सुट्या पुडीतलं स्वस्त ग्रिट घेऊ नका. माझ्या पुडीत चक्क साखरेएवढे दाणे निघाले. बादलीत ढवळून, जाड दाणे तळाशी बसू देऊन, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि ते निवळलं की गाळ घेतला. चष्म्याच्या काचा घासणाऱ्याकडचं सेरियम मात्र उत्तम, दुप्पट भाव दिला तरी वाईट वाटलं नाही.

ठरवलं होतं की 220चे आठ वेट झाले की 320. पण लिहितालिहिता सुचलं, हिरव्या लेसर पॉइंटरचा ठिपका तिरका पाडून भिंतीवर केवढा पसरतो ते मध्य, अर्धी त्रिज्या आणि कड अशा तीन ठिकाणी कागदावर आखून ठेवायचं. तिन्ही ठिपके सारखे पसरले नाहीत तर ग्रेड बदलायचीच नाही, वेट आठ होवोत की अठरा. पॉइंटर चिकटपट्टीने पाटाला बांधलाय, आणि आजच्या मापाला बॅटरी संपलेली निघाली.