दोनशे अंश सोसणारी पिशवी

बॅगहाउस म्हणजे बॉयलरच्या धुरातली राख कापडी पिशव्यांनी गाळणारी पेटी. आमच्या बॅगहाउसमधल्या पिशव्या दोन वर्षं चालायला हव्या होत्या. सातव्याच महिन्यात बॉयलरच्या चिमणीतून राख दिसू लागली. शटडाउन घेतला. फिटरने केजवरून, म्हणजे आतल्या तारेच्या सांगाड्यावरून, एक पिशवी उतरवून माझ्या हातात दिली. "साहेब, हिच्यात जीवच राहिला नाही." मी दोन्ही हातांनी ताणली, तर कुजलेल्या गोणपाटासारखी फाटली. बोटांना तपकिरी भुकटी लागली.

कापड मेटा-अरामिडचं. अग्निशामक जवानांच्या पोशाखात असतो, तोच धागा. तो वितळून ठिबकत नाही, फार तापला तर कोळसा होतो. सतत २०० अंश सेल्सिअस सोसतो म्हणून तर आम्ही तो घेतला होता. त्या सात महिन्यांचे तापमानाचे आलेख काढले, तर काटा १७० च्या वर कधी गेलेलाच नाही. ठिणगीने पडतात तशी काळ्या कडांची भोकंही कुठे नव्हती. एखाद्या जागी नव्हे, अख्खं कापडच कमकुवत झालं होतं.

मग कोळशाची नोंदवही उघडली. मधल्या काळात जास्त गंधकाचा कोळसा आला होता, आणि बॉयलरचं बंद-चालू तर आठवड्यातून दोनदा व्हायचं. तिथे कोडं सुटलं. अरामिडच्या साखळीतले अमाइड बंध उष्णता आणि वाफ मिळून तोडतात, आम्लाने ते काम आणखी झपाट्याने होतं. बॉयलर थंड असताना धुरातलं गंधकाम्ल पिशवीवर दवासारखं धरायचं, पुन्हा तापलं की धागा खायचं. आगीला न हरणारा धागा आमच्याकडे गार सुरुवातीमुळे गेला, याची मला आजही चुटपुट लागते. मागवताना मी फक्त तापमान लिहिलं होतं. ओलावा आणि गंधक लिहायला हवं होतं.

नव्या पिशव्या पीपीएसच्या, म्हणजे पॉलिफेनिलीन सल्फाइड या कृत्रिम धाग्याच्या, घेतल्या. त्याच्या साखळीत बेंझिनची कडी आणि गंधक, पाण्याने तुटेल असा बंधच नाही. मर्यादा मात्र १९० अंशांची, आणि गरम धुरात ऑक्सिजन जास्त असला तर हा धागाही ठिसूळ होतो. म्हणून ऑर्डरवर सही करण्याआधी स्वतः वर चढून ऑक्सिजन मोजला: ८ टक्के. चालण्यासारखा होता.

आता पेटवण्याआधी पेटी हीटरने तापवतो. रात्रपाळीचा ऑपरेटर तापमानाचा आकडा १४० वर गेल्याशिवाय बायपास, म्हणजे पिशव्या टाळून धूर नेणारी वाट, बंद करत नाही.