धोतरा, ब्लॉटरचा कागद आणि वजनकाटा

आमच्या गावाहून चोपड्याकडे जाताना उकिरड्यांवर, पडक्या भिंतींच्या आडोशाला आणि बांधाच्या कडेला धोतरा दिसतो. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि दर पावसाळ्यात मी वर्गात त्याचे काटेरी फळ घेऊन जात असे, कारण कर्ण्यासारखे फूल आणि काटेरी बोंड एकदा पाहिले की मुले ते विसरत नसत. महाशिवरात्रीला हेच फळ देवळाबाहेर बेलपानांशेजारी मांडलेले असते. त्याच्या बियांत ॲट्रोपिन, स्कोपोलामाइन आणि हायोसायमिन ही अल्कलॉइडे असतात आणि ती माणसाला जे भास दाखवतात, त्यांच्यापुढे परदेशी रसायनांचे भास सौम्य म्हणावे लागतील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी दहा वर्षांचा असताना आमच्या गल्लीतल्या सहा-सात वर्षांच्या एका मुलाने खेळता खेळता धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या होत्या. संध्याकाळी तो हवेतून काहीतरी वेचून टोपलीत टाकत होता, टोपली मात्र तिथे नव्हतीच. अंग तापलेले, कातडी कोरडी आणि लाल, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, आणि आईला तो ओळखत नव्हता. त्याची आजी ‘पोऱ्याले बाहेरनं लागेल शे’ असे म्हणत राहिली आणि भगताला बोलावण्यात दोन तास गेले. शेवटी बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेल्यावर तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला.

परवा पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्याने जेवताना विचारले, ‘काका, धोतरा दारात उगवला तरी गुन्हा नाही, मग एलएसडीचा नखाएवढा कागद खिशात सापडला तर दहा वर्षांची शिक्षा कशी होऊ शकते?’ प्रश्न उर्मट वाटला तरी चुकीचा नव्हता. त्याला तेव्हा दिलेले उत्तर अर्धवट होते. म्हणून हे लिहीत आहे.

कायद्यापासून सुरुवात करतो. आपल्याकडे १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू आहे. कोर्टकचेरीत सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्यामागे १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, ज्याने एलएसडी, मेस्कॅलिन, सिलोसायबिन अशी भास घडवणारी द्रव्ये सर्वांत कडक अनुसूचीत टाकली. आपल्या कायद्याच्या अनुसूचीतही ती आहेत, धोतरा मात्र नाही. भांगेचे पान आणि बीसुद्धा, शेंडे सोबत नसतील तर, या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेले आहे, कारण १९८५ साली होळी आणि शिवरात्र यांना हात लावण्याची कोणाची तयारी नव्हती. म्हणजे ही यादी घातकपणाच्या क्रमाने लावलेली नाही. ज्याला परंपरा पाठीशी होती त्यातले काही यादीबाहेर राहिले आणि जे प्रयोगशाळेतून किंवा परदेशातून आले ते आत गेले.

एलएसडीची कुळकथा मात्र आम्हा खानदेशी माणसांना अगदीच परकी नाही. फुलोऱ्यात असताना पावसाळी हवा टिकली तर बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकट द्रव येतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट बुरशीपिंड तयार होतात. हा अरगट. पेरणीपूर्वी वीस टक्के मिठाच्या पाण्यात बियाणे बुडवून वर तरंगणारे हलके दाणे काढून टाकावेत, ही शिफारस कृषी खाते कित्येक वर्षे करत आले आहे, कारण अरगट मिसळलेल्या बाजरीची भाकरी खाल्ली तर मळमळ, उलट्या आणि चक्कर येते. युरोपात राय या धान्यावर याच वंशाची दुसरी जात वाढते. तिच्या अल्कलॉइडांतून मिळणाऱ्या लायसर्जिक आम्लापासून आल्बर्ट हॉफमन यांनी बाझल येथील सँडोझ कंपनीत १९३८ मध्ये एलएसडी तयार केले आणि १९ एप्रिल १९४३ रोजी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेऊन पाहिले. (बाजरीच्या अरगटातून एलएसडी निघेल असा कोणी अर्थ काढू नये, तिच्यातली अल्कलॉइडे वेगळ्या गटातली आहेत आणि त्यातून फक्त उलट्या मिळतील.)

आता पुतण्याच्या नखाएवढ्या कागदाकडे येतो. सापडलेल्या द्रव्याच्या वजनावर शिक्षा ठरते; त्यासाठी एलएसडीची ‘अल्प मात्रा’ दोन मिलिग्रॅम आणि ‘व्यापारी मात्रा’ ०.१ ग्रॅम ठरलेली आहे. एका माणसाचा नेहमीचा डोस सुमारे शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे शुद्ध रूपात व्यापारी मात्रेत हजार डोस बसतात, आणि हजार डोस बाळगणारा विक्रेता असणार हे मलाही मान्य आहे. परंतु एलएसडी शुद्ध रूपात कोणाच्या खिशात नसते. ते टिपकागदासारख्या ब्लॉटरवर शोषलेले असते आणि कागदाचा तो चौकोनी तुकडा द्रव्यापेक्षा शंभरपट किंवा त्याहूनही जड असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात मिश्रणातील निष्क्रिय पदार्थाचे वजनही धरावे असा निर्णय दिला आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ब्लॉटरचा कागदही वजनात धरला. परिणामी दहा-बारा तुकडेही व्यापारी मात्रेपर्यंत पोहोचू शकतात. तिथे किमान शिक्षा दहा वर्षे आणि कमाल वीस, शिवाय कलम ३७ मुळे आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे अशी न्यायालयाची खात्री पटेपर्यंत जामीन नाही.

केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निकाल देताना मॅजिक मशरूम म्हणून ओळखली जाणारी अळिंबी ही मिश्रण नसून नैसर्गिक बुरशी आहे असे म्हटले आणि मिश्रणाच्या वजनाचा नियम तिला लावला नाही. तो तर्क बुरशीपुरता मला पटतो. पण मग त्या अळिंबीत निसर्गाने बांधलेले सिलोसायबिन आणि माणसाने कागदावर टिपलेले एलएसडी यांच्यात शिक्षेचा एवढा फरक का पडावा, याचे उत्तर वजनकाट्याकडे नाही.

धुळ्यात वकिली करणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणतो की, सर, आमच्याकडे एलएसडी क्वचितच येते, गांजा येतो. ते खरे आहे. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तूर आणि कपाशीच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. गांजाची व्यापारी मात्रा वीस किलो आहे. एकोणीस किलो गांजा घेऊन मुंबई-आग्रा महामार्गावर पकडला गेलेला माणूस व्यापारी मात्रेच्या खाली राहतो आणि दहा-बारा कागद घेतलेला विद्यार्थी तिच्या वर जातो. शिवाय पकडला जातो तो बहुतेक वेळा राखण करणारा मजूर किंवा वाहनचालक असतो, पैसे लावणारा नव्हे, हेही तो वकील विद्यार्थी सांगतो आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

म्हणून सगळेच मोकळे करावे काय? इथे माझे पुतण्याशी पटत नाही. धोतऱ्याचे उदाहरण अर्ध्या वाटेपर्यंतच चालते. धोतरा सहसा कोणी मौजेसाठी दुसऱ्यांदा खात नाही; त्याचा अनुभवच माणसाला दूर ठेवतो. एलएसडी किंवा मॅजिक मशरूम यांची गोष्ट तशी नाही, ती आकर्षक आहेत. त्यांचे व्यसन सहसा लागत नाही आणि त्यांच्या विषबाधेने मृत्यू विरळा, हे खरे. ब्रिटनचे मनोऔषधतज्ज्ञ डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनपुरती घातकतेची जी गुणपत्रिका मांडली, तिच्यात शंभरपैकी दारूला ७२, एलएसडीला ७ आणि मशरूमना ६ गुण होते. आमच्याकडच्या हातभट्टीने किती संसार बुडवले हे पाहिलेल्या माणसाला त्या ७२ चे आश्चर्य वाटणार नाही. पण ज्याच्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे अशा तरुणाला एखाद्या रात्रीचा अनुभव कायमचा महागात पडू शकतो, आणि आपल्याकडे घराण्यातला मानसिक आजार लपवण्याची रीत एवढी पक्की आहे की त्या तरुणालाच ते माहीत नसते. लग्न जमवताना लपवलेली गोष्ट मुलाला कोण सांगणार?

औषध म्हणून उपयोगाचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. नैराश्यावरील नेहमीची औषधे लागू न पडलेल्या २३३ रुग्णांवरील सिलोसायबिनच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. २५ मिलिग्रॅमचा एक डोस घेतलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांची लक्षणे तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ ओसरली होती. तुलनेसाठी एकच मिलिग्रॅम दिलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. बाराव्या आठवड्यापर्यंत हा फरक बराच विरला, आणि भास होऊ लागले की आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्णाला कळतेच, त्यामुळे अशा चाचण्यांचे आकडे जपूनच घ्यावे लागतात. तरी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना सिलोसायबिन वापरण्याची मुभा दिली, ती मला योग्य वाटते. मात्र त्या उपचारात गोळीपेक्षा शेजारी तासन्तास बसणारा प्रशिक्षित माणूस महत्त्वाचा असतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे मनोविकारतज्ज्ञच मोजके आहेत, तिथे तो माणूस कुठून आणायचा? उद्या परवानगी मिळाली तरी पहिली काही वर्षे तो उपचार पुण्या-मुंबईतल्या पैसेवाल्यांचाच राहील.

तर माझे म्हणणे असे की खुली विक्री नको, पण वापरणाऱ्याला तुरुंगही नको. कलम २७ खाली नुसत्या सेवनासाठीही कैद होऊ शकते, कोकेन-हेरॉइनसारख्या द्रव्यांसाठी एक वर्षापर्यंत आणि इतर द्रव्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत. कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्याला सवलत आहे, पण ती ‘व्यसनी’ व्यक्तीला, आणि कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे ज्याला त्या द्रव्याचे अवलंबित्व आहे असा माणूस. ज्या द्रव्याचे व्यसनच सहसा लागत नाही ते एकदा घेतलेला विद्यार्थी या दारातून बाहेर पडणार कसा? हेरॉइनच्या रुग्णासाठी काढलेली पळवाट त्याच्यासाठी बंद आहे, ही कायद्यातली विसंगती अजून कशी टिकून आहे, याचे नवल वाटते.

खुल्या विक्रीला विरोध करताना मला एक गोष्ट कबूल करावी लागते: बंदीमुळेच एलएसडी म्हणून एनबोम नावाची वेगळी, जीवघेणी रसायने त्याच कागदावर विकली जातात आणि घेणाऱ्याला ती ओळखता येत नाहीत. माझ्या मते त्यावरचा उपाय दुकान उघडणे हा नसून पकडलेल्या कागदात काय आणि किती आहे हे प्रयोगशाळेने मोजावे आणि शिक्षा त्या मोजमापावर ठरावी, असा आहे. विषारी कागद विकणारा आणि दोन तुकडे बाळगणारा, दोघांचेही खरे वजन तेव्हाच कळेल.

पुतण्याला मी आता धोतऱ्याबद्दल पूर्ण उत्तर दिले आहे. चहातून किंवा प्रसादातून धोतरा देऊन प्रवाशाला लुटणाऱ्याला पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२८ खाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे तिथे कायदा झाडाला हात लावत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने दिले ते पाहतो. पुतण्या म्हणाला, ‘मग कागदाच्या बाबतीतही तेच का पाहत नाहीत?’ त्याच्या या प्रश्नाशी मात्र मी पूर्ण सहमत आहे.